एसीत गॅस भरायचा की एसीच बदलायचा?

ऊन तापलं की वैरागात एसी दुरुस्तीवाल्याला उसंत नसते. आपल्यातल्या काही जणींच्या पार्लरमध्ये, दुकानात आता एसी आहे, बहुतेक वेळा जुना घेतलेला. गार करेनासा झाला की मेकॅनिक म्हणतो, "ताई, गॅस संपलाय." आपण गटातून अंतर्गत कर्ज काढतो, गॅस भरतो, अन् पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच.

एसीतला गॅस शेगडीच्या गॅससारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरतो, खोलीतली उष्णता घेऊन बाहेरच्या मशीनमध्ये सोडतो. तो कमी झाला म्हणजे कुठंतरी गळती आहे. ती न काढता गॅस भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं. आधी जाळी धुऊन बघा, निम्म्या वेळा धूळच आडवी येते असं मला वाटतं. तरीही गार होईना, तर मेकॅनिकला विचारा, "गळती कुठं आहे?" नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचा फेस लावला की बुडबुडे दिसतात. गळती नळीच्या जोडावर असेल तर काम थोडक्यात भागतं. कॉइलच सडली असेल तर खर्च बराच वाढतो.

मग बाहेरच्या मशीनवरची पट्टी वाचा. गॅसचं नाव अन् वजन तिथंच असतं. 'आर-२२' लिहिलं असेल तर यंत्र जुनं आहे. या गॅसनं ओझोनचा थर विरळ होतो, म्हणून माँट्रियल कराराप्रमाणे भारतात तो २०३० पर्यंत बंद होत चाललाय. पुढं फक्त जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीपुरता थोडा राहील. अशा एसीची कॉइल किंवा कॉम्प्रेसर गेला असेल, तर माझं मत स्पष्ट आहे, कर्ज काढून त्यात पैसे घालू नका. नुसता जोड गळत असेल तर दुरुस्त करून वापरा.

'आर-४१०ए' किंवा 'आर-३२' असेल तर दुरुस्तीचा विचार करायला हरकत नाही. पण एकाचा गॅस दुसऱ्यात चालत नाही. ४१०ए अन् ३२ यांचा दाब आर-२२ च्या दीडपट असतो, शिवाय आर-३२ थोडा पेट घेणारा आहे. "ताई, हा भरतो, स्वस्तात पडतो" असं कुणी म्हटलं तर सरळ नाही म्हणा. 'आर-२९०' म्हणजे तर प्रोपेनच. गोदरेजनं शिरवळच्या कारखान्यात तसे एसी बनवले. त्याला शिकलेल्या माणसाशिवाय कुणाला हात लावू देऊ नका, जवळ काडी ओढू नका.

विजेचाही हिशोब घाला. जुना दीड टनी एसी तासाला साधारण दीड युनिट खातो. दिवसाला आठ तास चालला तर बारा युनिट. पाच स्टारचा इन्व्हर्टर एसी याहून बराच कमी घेतो.

जुना एसी विकत घेणार असाल तर पैसे देण्याआधीच पट्टी बघा. पट्टी खरवडलेली असेल तर घेऊच नका. दुरुस्ती केली तर बिलावर गॅसचं नाव, भरलेलं वजन अन् गळती कुठं सापडली, हे लिहून घ्या.