उभ्या गाडीचे वंगण

ज्यांनी बैलगाडी हाकली आहे, त्यांना वंगणाचे महत्त्व मी सांगायला नको. चाक कुरकुरू लागले की गाडीवान खाली उतरे, आसाला वंगण लावी आणि पुढच्या वाटेला लागे. किती कोस झाले हे तो मोजत नसे. चाकच त्याला सांगे. मोटारीचे तसे नाही. तिची दातेरी चाके लोखंडी पेटीत बंद असतात आणि तेलात फिरत असतात. त्यांची कुरकुर बाहेर ऐकू येऊ लागते, तोवर दाते झिजून गेलेले असतात.

म्हणून गाडीबरोबरच्या पुस्तकात कारखानदार आकडा छापतो. गिअरपेटीचे आणि मागच्या आसाचे तेल अमुक हजार किलोमीटरला बदला, असे तो सांगतो. हा आकडा कुठे चाळीस हजार असतो, कुठे ऐंशी हजार. रोज मुंबई-पुणे करणाऱ्या गाडीला तो ठीक आहे. पण आपल्या मोहोपाड्याकडची गाडी पाहा. मास्तरांची मोटार घरापासून रसायनी स्टेशनपर्यंत जाते, फार तर रविवारी पनवेलला. वाडीतली जीप लग्नसराईत चार फेऱ्या करते आणि एरवी मांडवाखाली उभी असते. वर्षाकाठी अडीच हजार किलोमीटर धरले, तर चाळीस हजार व्हायला सोळा वर्षे लागतील. मग सोळा वर्षे थांबायचे काय?

थांबायचे नाही, हे उघड आहे. पण दर वर्षी डोळे मिटून तेल ओतून द्यावे, असेही नाही. कारण समजून घेतले की निर्णय सोपा होतो.

इंजिनचे तेल लवकर काळे पडते, कारण इंजिनात जाळ आहे. इंधनाची काजळी आणि आम्ले त्या तेलात मिसळतात. गिअरपेटीत आणि आसात जाळ नाही. त्यामुळे तिथले तेल पुष्कळ टिकते. त्याला शत्रू तीनच: लोखंडाचा कीस, काळ आणि पाणी. कीस किलोमीटरवर अवलंबून असतो. नवी गाडी पहिल्या काही हजार किलोमीटरांत जास्त कीस सोडते, पुढे तो कमी होतो. काळाने तेलातली रसायने हळूहळू थकतात आणि रबरी सील कडक होऊन पाझरू लागतात. पण आपल्या कर्जत-खालापूरकडे खरा शत्रू पाणी आहे, आणि पाणी काही मीटर बघून येत नाही.

बंद पेटीत पाणी येते कसे? पेटीला वर एक बारीक श्वासनळी असते. तेल तापले की आतली हवा फुगून तीतून बाहेर जाते, आणि निवले की बाहेरची आत येते. पावसाळ्याचे चार महिने आपल्याकडची हवा दमट असते. रात्री लोखंड गार पडले की त्या हवेतले बाष्प, गार तांब्याला बाहेरून घाम फुटतो तसे, पेटीच्या आतल्या भिंतीवर जमते आणि तेलात उतरते. लांब पल्ला मारणाऱ्या गाडीचे तेल चांगले तापते आणि बाष्प पुन्हा बाहेर पडते. स्टेशनपर्यंत जाऊन येणाऱ्या गाडीत तेल कोमटही होत नाही. थेंब आतच राहतो. म्हणजे कमी चालणे हे इथे औषध नसून दुखणेच आहे!

दुसरी वाट याहून वाईट. गाडी लांबून येते, आस तापलेला असतो, आणि आपण ती वहाळातून किंवा पाण्याखाली गेलेल्या फरशीवरून घालतो. तापलेला आस एकदम गार होतो, आतली हवा आकसते, आणि श्वासनळी चिखलाने बुजलेली असली तर सीलमधून पाणी आत ओढले जाते. २००५ सालचा २६ जुलै आपण विसरलेलो नाही. २०२१ च्या जुलैत महाडच्या बाजारपेठेत पाणी शिरले, तेव्हाही गाड्या बुडाल्या. अशा वेळी लोक इंजिन धुऊन घेतात आणि गिअरपेटी व आस विसरतात.

माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनी जुनी जीप घेतली. मीटरवर जेमतेम बावीस हजार. मेस्त्री म्हणाला, “साहेब, गाडी कोरी आहे, ऑइलला काय झालंय?” दोन पावसाळे गेले. एका रात्री वाडीतल्या आजारी बाईला घेऊन ते पनवेलला निघाले, आणि वाटेत मागचा आस घुमू लागला. बाईला दुसऱ्या टेंपोत घालावे लागले. ती वाचली, हे नशीब. बूच उघडले तेव्हा ताकासारखे पाणी-तेल निघाले आणि बेअरिंगे गंजलेली होती. थोडी चालणारी गाडी पुष्कळदा अडीअडचणीलाच काढायची असते, हे ध्यानात ठेवा.

आता पाहायचे कसे? गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेवा. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. खड्डा असलेल्या गॅरेजमध्येच हे काम करावे. आधी भरायचे, म्हणजे वरचे बूच उघडते का ते पाहा. खालचे काढून तेल सांडले आणि वरचे उघडेनाच, तर गाडी जागची हलणार नाही. तेल वरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत असावे. करंगळीच्या टोकाला लागले की पुरे. मग खालचे बूच किंचित ढिले करून पहिले थेंब काचेच्या बाटलीत घ्या. पाणी जड, ते तळाशी असते. पहिल्यांदा पाणीच आले, किंवा तेल दुधाळ दिसले, तर मीटर काहीही सांगो, तेल बदला. शंका असेल तर तापलेल्या पत्र्यावर एकच थेंब दुरून टाका. तडतडला तर त्यात पाणी आहे. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात करून दाखवण्यासारखा आहे. मुलांना मात्र लांब उभे करावे.

बुचाला लोहचुंबक असल्यास त्यावरही नजर टाका. करड्या रंगाचा मऊ लेप ही नेहमीची झीज आहे. तुकडे किंवा खपल्या निघाल्या, तर नुसते तेल बदलून भागणार नाही. पेटी उघडावी लागेल. करपट वास हेही बदलण्याचे कारण. तेल नुसते काळसर दिसले, एवढ्याने घाबरू नये.

तेव्हा नियम असा बसवू. पुस्तकात किलोमीटरांबरोबर महिने किंवा वर्षे दिली असतील, तर जे आधी भरेल ते धरा. दिली नसतील, तर दर वर्षी पावसाळ्यानंतर तपासा आणि दोन-तीन वर्षांनी बदला. गाडी पाण्यात बुडाली असेल, तर वाट न पाहता त्याच आठवड्यात बदला. जुनी गाडी विकत घेतली आणि आधीचा हिशेब ठाऊक नसला, तर प्रथम तेल बदलून आपला हिशेब सुरू करा. बदलताना मात्र गाडी थोडी चालवून आणा, म्हणजे तेल पातळ होऊन कीस बरोबर घेऊन निघते.

नवे तेल पुस्तकात लिहिले असेल तेच घ्यावे. डब्यावर जीएल-४ किंवा जीएल-५ असे लिहिलेले असते. मागच्या आसाचे दाते एकमेकांवर दाबून घासत फिरतात, म्हणून तिथे बहुधा जीएल-५ लागते. त्यात गंधक-स्फुरदाची रसायने जास्त असतात. गिअरपेटीत पितळी कड्या असतात. तिला जीएल-४ सांगितले असता जीएल-५ घातले, तर त्या कड्यांना बाधू शकते आणि गिअर नीट पडत नाहीत. “महाग ते चांगले” हा हिशेब इथे चालत नाही. ट्रॅक्टरचे मोजमाप किलोमीटरांत नसून तासांत असते. पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअर, आस आणि हायड्रॉलिक यांचे तेल एकच असते, तेव्हा चिखलणी संपली की तेही पाहावे. काढलेले तेल वहाळात ओतू नका. तेच पाणी पुढे पाताळगंगेला मिळते. डब्यात भरून जुने तेल घेणाऱ्या गॅरेजला द्या.

दसऱ्याला आपण अवजारांची पूजा करतो, गाडीला झेंडूचा हार घालतो. पाऊस तेव्हा ओसरलेला असतो. तपासणीला याहून चांगला मुहूर्त नाही. हार घालण्याआधी, आदल्या दिवशी, दोन्ही बुचे उघडून पाहावी. पूजा त्या यंत्राचीच आहे, आणि यंत्राला तेल हाच नैवेद्य.