मॉडेल रेल्वेच्या डब्यात दिवे कसे लावतात? ते लुकलुकतात का? समजून घ्या सोप्या भाषेत

खोलीतला लाइट बंद करा आणि टेबलावरची छोटी गाडी सोडा. खिडक्यांतून उजेड सांडत गाडी वळणावर गेली, की मोठी माणसंही लहान होतात. पुण्यात कोथरूडचं जोशी मिनिएचर रेल्वे म्युझियम पाहिलं असेल, तर हा नाद तुम्हाला ठाऊक असेलच.

विकत मिळणाऱ्या अनेक डब्यांत मात्र दिवे नसतात. ते घरी बसवता येतात. दिवा पेटवणं सोपं आहे. अवघड आहे ते धावत्या डब्यात करंट न तुटता पोहोचवणं.

करंट येतो कुठून?

एचओ (१:८७) असो वा एन (१:१६०), दोन रूळ म्हणजेच दोन वायरी. साध्या डीसी सेटमध्ये त्यांत ० ते १२ व्होल्ट असतात. डब्याची चाकं धातूची हवीत, प्लास्टिकची असतील तर आधी बदला. चाकांना हलकेच टेकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांतून करंट छतापर्यंत न्यायचा. पट्टी जास्त दाबली, तर ब्रेक लागल्यासारखा डबा जड चालतो.

गाडी उलटी धावली तर?

डीसीत दिशा बदलली की प्लस-मायनसही बदलतात आणि एलईडी विझतो. म्हणून मध्ये ब्रिज रेक्टिफायर लावतात. तो साधारण १.४ व्होल्ट खातो.

रेझिस्टर किती?

१२ व्होल्टमधून रेक्टिफायरचे १.४ आणि पांढऱ्या एलईडीचे ३ वजा केले, की ७.६ उरतात. ५ मिलीअँपिअर करंटला साधारण १,५०० ओहम पुरे. जुना छोटा बल्ब ५० मिलीअँपिअरच्या आसपास घेई. दहा डब्यांत दोन-दोन बल्ब म्हणजे एक अँपिअर झाला! तेवढ्याच एलईडींना ०.१ अँपिअर पुरतो.

एलईडी पट्टी चालेल?

१२ व्होल्टच्या पट्टीत तीन एलईडी एकामागोमाग जोडलेले असतात. त्यामुळे डीसीवर गाडी हळू असताना ते पेटतच नाहीत. तिथे प्रत्येकी वेगळा रेझिस्टर लावलेले सुटे एलईडी बरे. डीसीसी म्हणजे डिजिटल सेटमध्ये रुळांत कायम पूर्ण व्होल्टेज असतं, तिथे पट्टी मस्त चालते. गाडी स्टेशनात थांबली तरी दिवे चालू राहतात.

दिवे लुकलुकतात का?

रुळावरची धूळ आणि सांध्यांवर क्षणभर सुटणारा संपर्क, ही दोन कारणं. उपायही दोन. एक, सगळ्या चाकांतून करंट घ्या आणि रूळ पुसा. दोन, रेक्टिफायरनंतर २५ व्होल्टचा ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. तीन एलईडींना तो साधारण पाव सेकंद तारून नेतो. डब्यातल्या टॉयलेटच्या जागेत तो छान लपतो! डीसीसीत मात्र त्याच्याआधी १०० ओहमचा रेझिस्टर हवा. नाहीतर सगळे कपॅसिटर एकदम चार्ज होताना कंट्रोलरला शॉर्टसर्किट झाल्यासारखं वाटतं.

हे विसरू नका

• कपॅसिटर उलटा जोडू नका, फुटू शकतो.
• सोल्डरिंग झटपट करा. गरम टोक टेकलं, की महागडा डबा वितळला म्हणून समजा.
• प्लास्टिकच्या छतातून उजेड झिरपतो. आतून काळा रंग द्या.
• जुन्या काळच्या डब्याला पिवळसर एलईडी लावा, निळसर पांढरा खोटा वाटतो.

आणि छत चिकटवण्याआधी गाडी पाच-सहा फेऱ्या पळवून बघा. दोष सापडलाच, तर डबा फोडावा लागणार नाही.