नोटरीची मोहोर आणि न्यायालयाची वाट

कागदावर नोटरीची मोहोर उमटली म्हणजे व्यवहार पक्का झाला, असा समज चांगल्या सुशिक्षित घरांतूनहि आढळतो. हा समज किती महाग पडूं शकतो, हें वर्धा जिल्ह्यांतील जमिनीच्या एखाद्या साध्या व्यवहारावरून ध्यानांत येईल.

१९५२ च्या नोटरी अधिनियमान्वयें सरकार अनुभवी वकिलांस नोटरी नेमतें. नोटरीचें काम मर्यादित, परंतु महत्त्वाचें आहे. समोर आलेला मनुष्य तोच आहे याची खात्री करणें, त्यास शपथ देणें, सही आपल्यासमक्ष झाल्याचें प्रमाणित करणें आणि नोंदवहींत तशी नोंद ठेवणें, हें तें काम होय. यामुळें प्रतिज्ञापत्रास व मुखत्यारपत्रास वजन येतें. मजकूर खरा असल्याची हमी मात्र नोटरी देत नाहीं. ती जबाबदारी सही करणाराची. आणि शपथेवर खोटें लिहिणें हा गुन्हा आहे.

आतां असें समजा कीं, हिंगणघाटच्या एका गृहस्थानें आयुष्याची शिल्लक घालून भूखंड घेतला व विक्रीचा कागद केवळ नोटरीपुढें केला. शंभर रुपये वा अधिक किंमतीच्या स्थावराचें खरेदीखत १९०८ च्या नोंदणी अधिनियमाप्रमाणें दुय्यम निबंधकाकडे नोंदवावेंच लागतें. सही झाल्यापासून साधारणतः ४ महिन्यांच्या आंत तें तेथें हजर करावयाचें असतें. नोंदणीवांचून मालकी मिळत नाहीं. विकणारानें पुढें हात वर केले, तर करार पुरा करून मागण्याचा किंवा पैसे परत मागण्याचा दावा, एवढाच मार्ग त्या गृहस्थास उरतो.

तो मार्ग लांबचा आहे. दिवाणी न्यायालयांत वादपत्र दाखल झाल्यावर प्रतिवादीस समन्स जातें. त्यानें ३० दिवसांत, सवड मिळाल्यास ९० दिवसांपर्यंत, लेखी कैफियत द्यावयाची असते. नंतर मुद्दे निघतात, साक्षी व उलटतपासणी होते, युक्तिवाद होतात आणि अखेर निकाल व हुकूमनामा होतो. कनिष्ठ न्यायालयाच्या निकालावर जिल्हा न्यायालयांत ३० दिवसांत अपील करतां येतें. पुढील अपील, कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढें चालतें. १९३६ पासून १९५६ पर्यंत नागपुरास स्वतंत्र उच्च न्यायालय होतें. राज्यपुनर्रचनेनंतर तेथें हें खंडपीठ आलें.

खर्चाच्या भीतीनें कोणी हक्क सोडूं नये. १९८७ च्या कायद्यान्वयें स्त्रियांस, अनुसूचित जाति-जमातींस आणि ठराविक मर्यादेहून कमी उत्पन्न असणारांस जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळूं शकतो. लोकअदालतींत तडजोड झाल्यास न्यायालयांत भरलेलें शुल्क परत मिळतें व त्या निवाड्यावर अपील होत नाहीं.

तरीहि सर्वांत स्वस्त उपाय दाव्याच्या आधींचा आहे. पैसे मोजण्यापूर्वीं सातबारा किंवा मिळकत पत्रिका पाहावी, कागद स्वतः वाचावा, आणि विकणारास सोबत घेऊन दुय्यम निबंधकाची कचेरी गांठावी.