मोटेचे बैल आणि १८३१ नंबरचे एंजिन

आमच्या निमगाव केतकीत रेल्वेचे स्टेशन नाही. बारामती-इंदापूर रस्त्यावरचे हे गाव लोकांना ठाऊक आहे ते पानमळ्यांमुळे आणि तुकोबांच्या पालखीच्या मुक्कामामुळे. तरीही इंग्लंडातील एका विसरलेल्या रेल्वे एंजिनाची हकिकत विहिरीच्या काठी वाढलेल्या माणसाला चटकन उमगावी अशी आहे.

मोटेचे बैल पाणी ओढोत की गोठ्यात उभे राहोत, त्यांना वैरण रोज घालावीच लागते. यार्डात मालगाडीचे डबे पुढेमागे ढकलून गाडी जुळवणारे, म्हणजे शंटिंगचे, वाफेचे एंजिन अगदी तसेच. त्याचे काम घटकाभराचे. बाकी सारा वेळ वाट पाहण्यात जायचा. पण भट्टी विझवण्याची सोय नाही, कारण गार झालेला बॉयलर पुन्हा तापायला कित्येक तास लागत. तेव्हा उभ्या एंजिनातही कोळसा जळतच राही.

हा खर्च वाचावा म्हणून लंडन, मिडलँड अँड स्कॉटिश रेल्वेने १९३२ साली डर्बीच्या कारखान्यात एक प्रयोग केला. एकोणिसाव्या शतकातील १८३१ नंबरचे वाफेचे एंजिन घेतले, त्याचा सांगाडा आणि चाके ठेवली, आणि वर ४०० अश्वशक्तीचे डिझेल एंजिन बसवले. नंबरही तोच राहिला.

घोडे अडले ते वेगळ्याच ठिकाणी. विहिरीवरचे ऑइल एंजिन आपण आधी हँडल मारून मोकळे फिरवतो आणि मग पंपाचा पट्टा चढवतो. डिझेलचा स्वभावच तो. आधी फिरेल, मग ओझे घेईल. वाफ मात्र उभ्या गाडीतही दट्ट्या रेटू शकते. म्हणून डिझेल आणि चाके यांच्यामध्ये शक्ती हळूहळू पोहोचवणारा मध्यस्थ हवा. १८३१ मध्ये हे काम द्रवाच्या दाबाकडे सोपवले होते. ते काही नीट जमले नाही. १९३९ साली एंजिन कामावरून काढले गेले आणि युद्धाच्या दिवसांत त्याचे फिरते वीजघर झाले. पुढे तेही मोडीत निघाले.

दरम्यान त्याच कंपनीने निरनिराळ्या कारखान्यांची डिझेल एंजिने यार्डात राबवून पाहिली. डिझेलने वीज करायची आणि विजेच्या मोटारीने चाके फिरवायची, ही जोडी टिकाऊ ठरली. त्याच वंशातील ९९६ शंटिंग एंजिने ब्रिटनमध्ये १९५२ ते १९६२ या काळात तयार झाली, आणि त्यांतली काही अजूनही राबत आहेत. आपल्याकडेही १९४५ च्या सुमारास अमेरिकेतून डिझेल शंटर आले. खडकीला किर्लोस्कर ऑइल एंजिन्सची स्थापना झाली ती १९४६ मध्ये. म्हणजे यार्डात आणि मळ्यात डिझेलचा प्रवेश जवळजवळ बरोबरीनेच झाला.

या बचतीची दुसरी बाजूही सांगायला हवी. डिझेल शंटर एकटा ड्रायव्हर चालवू शके. कोळसा ओढणाऱ्या फायरमनची जागा रिकामी झाली. आमच्या विहिरीवरची मोट थांबली तेव्हा बैलजोडी विकली गेली, आणि मोट हाकणाऱ्या गड्याला दुसरे काम शोधावे लागले. यंत्राच्या हिशेबात वाचलेला कोळसा आणि वाचलेला कडबा दिसतो. रिकामा झालेला माणूस त्यात कोठेच मांडलेला नसतो.

१८३१ ला अपयशी म्हणणे सोपे आहे. पण उभ्या एंजिनाने कोळसा का खावा, हा त्याचा प्रश्न अचूक होता. चुकले होते ते फक्त पहिले उत्तर. योग्य उत्तर मिळायला कुणीतरी आधी चुकावे लागते, आणि पुढच्या ९९६ जणांच्या वाटची ती चूक या एकट्याने पदरात घेतली.