रेडिएटरचं पाणी गढूळ का होतं?

जुन्या गाडीच्या रेडिएटरची कॅप उघडून आत स्वच्छ कूलंट दिसलं, तर मालकाचं नशीब चांगलं. बहुतेकदा दिसतं ते तांबूस, गढूळ पाणी, नाहीतर तोंडाच्या कडेला धरलेली चिकट मळी. त्यावर गॅरेजमधलं उत्तर ठरलेलं असतं: "फ्लश मारून टाकू." फ्लशला माझी ना नाही. पण घाण कुठून आली हे न बघता मारलेला फ्लश म्हणजे पैसे गटारात. गाळ हाच पुरावा असतो आणि आपण तोच आधी धुऊन टाकतो.

म्हणून पहिलं काम सोपं आहे. इंजिन पूर्ण थंड असताना (तापलेल्या रेडिएटरची कॅप कधीही उघडू नये, उकळतं पाणी थेट तोंडावर उडतं) काचेच्या बरणीत कपभर पाणी काढायचं आणि रात्रभर न हलवता ठेवायचं. सकाळी तळाशी तांबडी पूड बसली असेल आणि ती चिमटीत खरखरीत लागली, तर तो गंज. पांढरट, खडूसारखा चुरा असेल तर क्षार. वर तेलाचा तवंग आला किंवा सगळंच दुधाळ तपकिरी राहिलं, तर कुठेतरी तेल मिसळतंय. बरणी मुलं आणि कुत्र्या-मांजरांपासून लांब ठेवा. कूलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि पोटात गेलं तर मूत्रपिंडं निकामी करणारं विष आहे.

"तेल दिसलं म्हणजे हेड गॅस्केट उडालं"

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. हेड उतरवलं जातं, गॅस्केट बदललं जातं, हेडला फेसिंग होतं आणि पंधरा दिवसांत रेडिएटरमध्ये पुन्हा तेल.

बऱ्याच डिझेल गाड्यांत, विशेषतः टर्बो असलेल्यांत, इंजिन ऑइल थंड करायला वेगळा ऑइल कूलर असतो. त्यात पातळ पत्र्याच्या एका बाजूला तेल आणि दुसऱ्या बाजूला कूलंट. पत्र्याला छिद्र पडलं किंवा सील गेलं की दोन्ही एकत्र येतात. आता दाबाचा हिशेब बघा. चालत्या इंजिनात तेलाचा दाब साधारण 3 ते 4 किलो असतो, तर कूलंटचा दाब कॅपच्या मर्यादेत, म्हणजे 1 किलोच्या आसपास. त्यामुळे गाडी चालू असताना तेल पाण्यात शिरतं, पाणी तेलात नाही. डिपस्टिक स्वच्छ आणि रेडिएटरमध्ये मात्र मळी, असं दिसलं तर हेडला हात लावण्याआधी ऑइल कूलर तपासून घ्यावा. गाडी बंद केल्यावर चित्र उलटतं: तेलाचा दाब शून्यावर येतो, पण तापलेल्या कूलंटचा दाब थोडा वेळ टिकतो. छिद्र मोठं असेल तर तेवढ्या वेळात पाणी तेलाच्या चेंबरमध्येही उतरतं.

ऑटोमॅटिक गियरच्या गाडीत तिसरी शक्यता. गियरबॉक्सचं तेल थंड करणारी नळी अनेकदा रेडिएटरच्या टाकीतूनच जाते. ती फुटली की रेडिएटरमध्ये गुलाबी मिल्कशेकसारखा फेस दिसतो. अशी गाडी गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नये, कारण गियरबॉक्समध्ये शिरलेलं पाणी क्लचच्या प्लेटांवरचं अस्तर सोडवतं.

मग गॅस्केट गेलंय हे ओळखायचं कसं? गॅस्केट सिलिंडर आणि पाण्याच्या वाटेमध्ये फुटलं, तर जळलेला वायू कूलंटमध्ये येतो. थंड इंजिन सुरू केल्यावर पाणी तापायच्या आतच वरचा होज पाईप दगडासारखा कडक होतो, आणि कॅप उघडी ठेवून इंजिन सुरू केलं तर बुडबुडे थांबत नाहीत. खात्रीसाठी ब्लॉक टेस्ट करतात. रेडिएटरच्या तोंडाशी धरलेल्या नळीतलं निळं रसायन कार्बन डायऑक्साइड लागला की पेट्रोल गाडीत पिवळं होतं. हेड उतरवण्याच्या मजुरीपुढे या चाचणीचा खर्च किरकोळ आहे. मिस्त्रीकडे तिचं साहित्य नसेल तर ज्याच्याकडे आहे तो शोधावा.

आणि ऑइल भरायच्या झाकणाखाली पांढरी साय दिसली म्हणून घाबरू नका. रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत वाफेचं पाणी उडून जायला वेळ मिळत नाही, ते तिथे साचतं. एकदा लांबवर फिरवून आणा, मग बघा. थर्मोस्टॅट काढून टाकलेल्या गाडीत हे हमखास होतं. "गाडी तापते ना, थर्मोस्टॅटच काढा" हा आपल्याकडचा लाडका उपाय इंजिनाला कायम गारठलेलं ठेवतो. काही इंजिनांत तर त्यामुळे बायपास उघडाच राहतो, थोडं पाणी रेडिएटरकडे न जाताच परत फिरतं आणि घाटात गाडी आणखी तापते.

"आपल्याकडे बर्फ पडत नाही, कूलंट कशाला?"

बर्फाचा इथे संबंधच नाही. अर्धं पाणी, अर्धं ग्लायकॉल असं मिश्रण सुमारे 107 अंशांना उकळतं, आणि 0.9 किलोच्या कॅपखाली सव्वाशे अंशांच्या आसपास. मे महिन्यात कसारा घाट चढताना हा फरक कामाचा. पण जुन्या गाडीला खरी गरज असते ती कूलंटमधल्या गंजरोधकांची. प्रीमियर पद्मिनीसारख्या गाडीत ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, रेडिएटर तांब्या-पितळेचा. तीन धातू एकाच क्षारयुक्त पाण्यात बुडाले की त्यांच्यात बारीक वीजप्रवाह सुरू होतो आणि त्यातला दुबळा धातू झिजतो.

त्यात बोअरचं पाणी. त्यातला कॅल्शियमचा क्षार पाणी तापलं की बाहेर पडतो, म्हणून त्याचा थर बरोबर सगळ्यात तापणाऱ्या जागी बसतो: एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आजूबाजूला. जिथली उष्णता आधी निघायला हवी, तिथेच दगडी अस्तर. कूलंटमध्ये मिसळायला बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटरच घ्यावं. प्रवासात पाणी कमी पडलं तर नळाचं घालावंच लागतं, पण मग पुढे कूलंट बदलून टाकावं. नुसतं ग्लायकॉल भरणंही बरं नाही. ते पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं.

"हिरव्यात हिरवं चालतं"

रंग हा कंपनीने टाकलेला असतो, त्याला कुठलंही सर्वमान्य प्रमाण नाही. जुन्या पद्धतीचं सिलिकेट-फॉस्फेटचं कूलंट बहुधा हिरवं आणि सेंद्रिय आम्लांवर आधारलेलं नारिंगी किंवा गुलाबी, पण अपवाद भरपूर. रंग बघून नव्हे, डब्यावरचा प्रकार वाचून घ्यावं. प्रकारांची सरमिसळ झाली तर गंजरोधकांचं आयुष्य घटतं, आणि कधीकधी गाळही धरतो. जुन्या पद्धतीचं कूलंट साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. ते दिसायला स्वच्छ असलं तरी आतले गंजरोधक संपलेले असतात आणि ग्लायकॉलपासून आम्लं तयार होऊ लागलेली असतात.

"हळद टाकली की गळती थांबते"

थांबते, हे खरं. हायवेवर दुसरा इलाज नसेल तर ड्रायव्हर मंडळी टाकतात, आणि गाडी घरी पोहोचते. पण हळदीला गळतीचं छिद्र आणि जाळीची बारीक नळी यांतला फरक कळत नाही. हीटरची जाळी आधी तुंबते. डब्यातल्या गळतीरोधक पावडरीही याच जातीच्या.

फ्लश मारताना

कारण सापडलं, दुरुस्ती झाली, की मग धुवायचं. नुसत्या रेडिएटरचा ड्रेन कॉक उघडला तर ब्लॉकमधलं जुनं पाणी तसंच राहतं, म्हणून ब्लॉकचा ड्रेन प्लगही काढायचा आणि हीटर गरमवर ठेवायचा. तेल गेलं असेल तर कमी फेसाचा डिटर्जंट वापरून दोन-तीनदा धुवावं लागतं. शिवाय होज पाईप दाबून बघा. त्यांचं रबर तेलाने फुगतं आणि मऊ पडतं, तसे पाईप बदलायचेच. तीव्र ॲसिड आत घालू देऊ नका, ते ॲल्युमिनियम खातं.

"फ्लशनंतर रेडिएटर गळायला लागला" ही तक्रार नेहमीची. छिद्रं आधीच होती, गंजाने बुजली होती एवढंच. त्यात गॅरेजवाल्याचा दोष नाही.

कॅप मात्र नवीन घ्या. तिचं रबर कडक झालं की गार होताना रेडिएटर बाटलीतून कूलंट ओढण्याऐवजी बाहेरची हवा ओढतो, आणि हवा व पाणी एकत्र आलं की गंज आलाच. नवं कूलंट भरल्यावर पहिले काही दिवस सकाळी, इंजिन थंड असताना, पातळी बघत राहा. अडकलेली हवा निघते तशी ती थोडी उतरते, तेवढी भर घालायची. आठवड्यानंतरही ती उतरतच राहिली, तर गाडी कुठेतरी पाणी पितेय.