आईचा रंग

आमच्या आईचा एकच फोटो घरात होता. नोकरीच्या ओळखपत्रावरचा, पासपोर्ट आकाराचा, आणि त्यावरही कचेरीचा गोल शिक्का गालावरून हनुवटीपर्यंत आलेला. जलदानविधीला तोच मोठा करून लावला, तेव्हा चेहऱ्यापेक्षा शिक्काच ठळक दिसला. आईचे चित्र करायचे, हे तेव्हाच मनाने घेतले.

आम्ही कारकून माणूस, ब्रश कधी हाती धरलेला नाही. भाचीने तिचा जुना पेन-टॅब्लेट दिला आणि संगणकावर 'क्रिता' हे मोफत मिळणारे सॉफ्टवेअर टाकून दिले. चित्र छापायचे होते, म्हणून कागद आधीच ए-फोर मापाचा, ३०० डीपीआयवर, म्हणजे २४८० बाय ३५०८ पिक्सेलचा घेतला. लहान घेऊन मागाहून वाढवला तर चित्र फुटते. फोटोवर आणि कागदावर सारख्याच चौकटी आखून रेखाटन केले. इथवर हिशेबाचे काम, ते जमले.

चुकलो ते रंगात. फोटोतला रंग जसाच्या तसा उचलणारे ड्रॉपर असते. ते कपाळावर टेकवले, पीचसारखा रंग आला, तोच मऊ ब्रशने सगळीकडे फिरवला. सुरकुत्याही गेल्या. शेजारी म्हणाले, छान झाले. मावशीने मात्र चष्मा पुसून पाहिले आणि विचारले, "ही कोण रे? आक्का अशी गोरी कवा होती?"

फोटोतच तसे आहे, असे आम्ही म्हणालो. ते अर्धेच खरे होते. फ्लॅशने चेहरा उजळला होता हे कबूल. पण जिथे जिथे शंका आली, तिथे आमचा हात उजळ रंगाकडेच गेला होता. चळवळीत वीस वर्षे काढलेल्या माणसाचा हात!

मग मावशीलाच खिडकीशी बसवले. दोघी बहिणींचा वर्ण एकच. नव्या थरावर आधी फक्त काळा-पांढरा उजेड-सावली रंगवली, कारण चेहरा ओळखू येतो तो त्यातूनच. सावळी कातडी म्हणजे गोऱ्या रंगात काळा मिसळणे नव्हे. तसे केले की चेहरा राखेसारखा होतो. सावलीत तांबूस तपकिरी असतो, आणि कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर उजेड गोऱ्या कातडीपेक्षा जास्त चमकतो. खिडकीतला असेल तर जरा निळसरच. अधूनमधून चित्र आरशासारखे उलटे करून पाहावे. आमचा डावा डोळा चढलेला होता, तो त्यातच सापडला.

शिक्क्याखालचे काय, हा प्रश्न राहिला. दुसऱ्या गालावरून अंदाज घेत होतो, तोच मावशी म्हणाली, "आन् गोंदण?"

आम्ही विसरूनच गेलो होतो. मावशीने स्वतःच्या हनुवटीवरच्या तीन हिरव्या ठिपक्यांवर बोट ठेवले. "दोघी एकाच दिवशी गोंदवून आलो होतो. तिचं जरा डावीकडं."