कानांनीं पाहिलेलें अरण्य

साहित्यदर्पणकार विश्वनाथानें काव्याचे दृश्य व श्रव्य असे दोन भेद सांगून नाटकास दृश्यांत घातलें. नभोवाणीनें ही व्यवस्था मोडली. पडदा नाहीं, वेष नाहीं, दीप नाहीं; घोडा दौडावयाचा तो श्रोत्याच्या कानांत, आणि अरण्य उगवावयाचें तेंही तेथेंच. नागपूर केंद्रावरील श्रुतिका लागली म्हणजे आमच्या माजघरांत तांदूळ निवडण्याचें सूप मांडीवर तसेंच राही, हें आम्हांस अद्याप स्मरतें. हें केंद्र १६ जुलै १९४८ रोजीं सुरू झालें. त्या वेळीं आमचें राजुरा गांव निजामाच्या राज्यांत, आदिलाबाद जिल्ह्यांत होतें. तेव्हां वर्धा नदीपलीकडून येणारा हा आवाज वडीलधाऱ्यांस परराज्यांतलाच!

नभोवाणीवरील साहसनाट्य भरास आलें तें अमेरिकेंत. ‘लोन रेंजर’ ही मालिका डेट्रॉइट येथील केंद्रावरून १९३३ सालीं सुरू झाली, आणि तिचे नवे भाग १९५४ पर्यंत होत राहिले. मुखवटा घातलेला एक न्यायप्रिय स्वार, ‘सिल्व्हर’ नांवाचा त्याचा पांढरा घोडा, आणि ‘टोंटो’ हा त्या भूमीच्या मूळ रहिवाशांपैकीं एक सोबती, एवढ्या भांडवलावर वीस वर्षें निघालीं. घोड्याच्या टापा म्हणजे काय? कोणी नारळाच्या करवंट्या आपटीत, कोणी खडीच्या तबकांत रबरी वाट्या. हें समजल्यावर आमच्या घरच्या मुलांनीं एका सायंकाळीं करवंट्यांचा जो दणका उडविला, त्याचें वर्णन न केलेलें बरें. पुढें १९५२ ते १९६१ पर्यंत चाललेली ‘गनस्मोक’ ही मालिका प्रौढांसाठीं होती. विल्यम कॉनराड याच्या जड आवाजांतला मार्शल मॅट डिलन थकतो, खचतो. आणि संवादांच्या मध्यें कधीं नुसतीं पावलें ऐकूं येतात. ती स्तब्धता आम्हांस टापांहून अधिक मोलाची वाटते.

परंतु एक गोष्ट खटकते. टोंटोस मोडकेंतोडकें इंग्रजी दिलें होतें, आणि त्याचा आवाज बहुतेक सर्व काळ जॉन टॉड या गोऱ्या नटाचा होता. ज्याचें अरण्य, त्याचाच कंठ तेवढा उसना! डोळ्यांस हें तत्काळ दिसलें असतें; कानांस कोण सांगणार?

आम्हां राजुरेकरांस हा प्रश्न दूरचा नाहीं. माणिकगडच्या डोंगरांत गोंडांचीं गांवें आहेत. साहसकथाच हवी तर बाबुराव शेडमाके यांस इंग्रजांनीं २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं चांद्यास फांशी दिली. आणि कोमरम भीम निजामाच्या शिपायांशीं लढतां लढतां १९४० सालीं जोडेघाट येथें पडले, तेव्हां राजुरा व जोडेघाट हीं दोन्ही गांवें एकाच जिल्ह्यांत होतीं. यांवर श्रुतिका लिहावयाची तर भाषा कोणती? सगळींच पात्रें पुणेरी मराठींत बोलूं लागलीं तर भीमाचा टोंटो झालाच म्हणावयाचा. आमचें मत असें कीं, भीमाचे कांहीं संवाद गोंडींतच ठेवावे, आणि ते गोंडी घरांत वाढलेल्या नटाकडूनच बोलवून घ्यावे. श्रोत्यास अर्थ न कळल्यास त्यानें शेजारीं बसलेल्यास विचारावा.